तोंडांची वही

यादीत नाव लागलं पोळ्याच्या आदल्या दिवशी.
कॉलेज दिवाळीनंतर.
मधले अडीच महिने कोणी मागितलेच नव्हते.

श्वेतलताईला फोन लावला, ती तिथं दुसऱ्या वर्षाला.
आतापासून काय वाचू?
"झोप," ती म्हणाली. "झोप संपली की खडू कोर,
साबण कोर. हात बसू दे.
बाकी जे वाचशील ते विसरशील."

मी पाच दिवस झोपले.
सहाव्या दिवशी कपड्याच्या निळ्या साबणाची खालची दाढ केली,
दोन मुळांची, त्यातलं एक तुटकं.
मायनं ती नळावर नेली,
बाबाची कॉलर त्या दाढेनं घासली
आणि म्हणाली, "धराले चांगली हाय."

दुपारी ठेल्यावर बसते.
वणीकडून कोळशाचे ट्रक येतात, फाट्यावर हळू होतात,
ड्रायव्हर उतरायच्या आधीच बोटं दाखवतात: दोन खर्रे.
बाबा पन्नीत सुपारी घालतो, तंबाखू, चिमूटभर चुना,
आणि पाटीवर घोटत राहतो.
फिजिक्सची सूत्रं मी त्याच आवाजावर पाठ केली.
यवतमाळच्या क्लासची फी, खोलीचं भाडं,
दुसऱ्यांदा भरलेला परीक्षेचा फॉर्म
याच पन्न्यांतून आला, वीस-वीस रुपयांनी.
स्वतः खात नाही तो.
विकनाऱ्यानं खायाचं नसते, म्हणतो.

"दाताची डॉक्टर? म्हंजे अर्धी."
"अर्धी का होईना," बाबा पन्नीला गाठ मारतो,
"तुमच्या तोंडात हात घालनार हाय."
सगळे हसतात.
हसले की मी पाहून घेते. सध्या एवढंच वाचन.
मोरेश्वर टेकामच्या दातांवर लहानपणीच्या बोअरचं पाणी,
पिवळ्या आडव्या रेघांत.
अफसरभाईच्या हिरड्या मागं सरलेल्या,
वर्धेचं पाणी उतरल्यावर खडक दिसावा तशा मुळ्या.
डोमाजी हसला तरी ओठच हलतात.
भाकर दुधात कुस्करतो, चिमटीनं आत ढकलतो,
आणि म्हणतो, भूकच नसते आताशा.

ताईनं सांगितलं होतं, जाता जाता:
आपलीच तीन बोटं, एकावर एक, आत जायला हवीत.

मग मी वही केली.
कोणी नाही म्हणत नाही.
पोट्टी शिकून राह्यली, म्हणतात,
आणि इंजिन चालूच ठेवून
बोटं घालतात तोंडात, डोळे आभाळाकडे.

टेकाम — तीन
अफसरभाई — अडीच
डोमाजी — एक

एका रात्री ठेला बंद करताना बाबाच्या हाती लागली.
कपाळावरचा चष्मा त्यानं खाली ओढला.
"डोमाजीचा एक कायचा? हजार?
त्याची उधारी तं नाई माह्याकडे."
"बोट," मी म्हणाले.
"कायचं बोट?"
मी तीन बोटं तोंडासमोर धरली.

बल्बभोवती किडे होते.
बाबा पाटी पुसत राहिला, पुसलेलीच.
मी काही सांगितलं नाही.
सांगायचं कसं, ते मला अजून शिकवलेलं नव्हतं.
सकाळी पहिला ट्रक आला आणि घोटण्याचा आवाज सुरू झाला,
रोजच्यासारखाच,
फक्त मधे दोनदा थांबला.

नंतरचे दिवस पटकन गेले.
स्कूटी शिकले, नाल्यात घातली.
वणीहून दोन पांढरे कोट शिवून आणले;
मायनं खिशात कडुलिंबाचा पाला ठेवला, कसर लागू नये म्हणून.
खडूच्या अकरा दाढा झाल्या,
त्यातल्या तीन दाढांसारख्या.

निघायच्या दिवशी बॅगेत वही टाकायच्या आधी उघडली.
डोमाजीच्या खाली एक ओळ जास्त होती,
उधारी लिहितो त्याच ठसठशीत अक्षरात:

रामकृष्ण उरकुडे — अडीच

अडीचवर काट.
पुढं, दोन.