दोन ठोक्यांमध्ये

तांब्याच्या दोन पट्ट्या हव्या होत्या, कडा सरळ.
कॉलेजच्या वर्कशॉपातली कात्री बोथट,
म्हणून गांगुर्डे मामांनी पत्ता दिला : तांबट लेन,
भद्रकालीच्या मागे. दुकानाचं नाव विचारू नको,
आवाजाच्या दिशेनं जा.

पिंपळेकाका हंड्याला ठोके घालत होते.
मान वर न करता म्हणाले, "कशाला पट्ट्या?"
मी सुरू केलं,
झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांच्या विद्युतवाहकतेवर
आर्द्रतेमुळे होणाऱ्या
ठण्
परिणामांचा तौलनिक
ठण्
आमच्या सेमिनार हॉलमध्ये मध्येच कुणी हातोडा मारत नाही.
म्हणूनच बहुधा तिथं वाक्यं इतकी लांबतात.

दोन ठोक्यांमध्ये जागा असते एका श्वासाची.
तेवढ्यात मावेल असं काय होतं माझ्याकडे?
"काचेवर थर देते."
ठण्
"हवा दमट झाली की
त्यातून वीज वेगळी वाहते."
ठण्
"ती किती वेगळी, ते बघते."
"थर केवढा?"
"डोक्यावरचा केस उभा चिरायचा, काका,
चारशे भाग करायचे. त्यातला एक."
हातोडा थांबला.
मला वाटलं, जिंकले.
"मग मोजला कशानं?"

गंगापूर रोडपर्यंत रिक्षात
पट्ट्या मांडीवर, कागदात गुंडाळलेल्या,
आणि तो प्रश्न, न गुंडाळलेला.
दोनशे नॅनोमीटर मी आणले होते
चव्वेचाळीस पानांच्या एका जुन्या प्रबंधातून.
त्या सीनियरनं कुठून आणले, त्यालाच ठाऊक.
मी फक्त खाली लिहिलं होतं : असे आढळून आले आहे.
आहिरराव मॅडमनी तिथं लाल पेननं
एकच शब्द लिहिला होता, कोणाला?
मला वाटलं होतं, व्याकरणाची चूक काढतायत.

मग आठवडाभर तराजू.
कोरी काच आधी तोलायची, थर दिल्यावर पुन्हा तोलायची,
वजनातल्या फरकावरून जाडी.
पंखा बंद. मामा दारात उभे,
कुणी जोरात दार लोटू नये म्हणून.
तरी चौथा दशांश आंगठा चोखणाऱ्या पोरासारखा
जागचा हलत राहायचा.
अकरा काचा. एक पडून फुटली,
दुसरीवर माझ्याच बोटाचा ठसा,
त्याचंही वजन भरलं, तेही वहीत लिहिलं.
उत्तर आलं तीनशे दहा.
अधिक-उणे तीस.
दोनशेच्या आसपासही नाही.
माझे सगळे आलेख एका रात्रीत
दुसऱ्या कुणाचे झाले.

सेमिनारला बारा मिनिटं होती.
तिसऱ्या स्लाइडवर मी म्हणाले,
"मागच्या वेळी मी सांगितलेली जाडी मोजलेली नव्हती."
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं,
सत्तर टक्के आर्द्रतेपाशी वक्र असा वाकतो का?
माझ्याकडे पाठ केलेली दोन लांब वाक्यं होती,
ती तोंडाशी आली,
आणि कानात कुठूनसं, ठण्.
"माहीत नाही, सर," म्हणाले.
"थर जाड केला तर वाक सरकतो का,
ते आधी बघणार आहे."
त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.
मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या,
त्यांचं खूश होणं असंच असतं,
किंवा बाहेर खरंच काही असेल.

शनिवारी पुन्हा तांबट लेनमध्ये गेले.
काही घ्यायचं नव्हतं.
काका आता परातीवर होते,
ठोके जवळजवळ, श्वास लहान.
"चुकलं होतं माझं,"
ठण्
"चारशे नाही,"
ठण्
"अडीचशेच भाग."
त्यांनी परात कानाशी नेली, बोटानं टिचकी मारली,
ऐकलं,
आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले,
"जाडच निघाला की मग."