मधली फट

तुर्भ्याच्या शेडमध्ये फायबरचं देवळाचं दार,
बाली बेटावरचं.
मधोमध चिरलेलं, वर कमान नाही.

हसुराम म्हात्रे फोटो उलटा धरून बघतो :
"शेठ, जोडायचं राह्यलं का?"

नाही. तिकडे असंच.
एक डोंगर, दोन फाका,
माणसानं मधून जायचं.

बाहेरून पायऱ्या, वेली, राक्षसाचे दात.
आतल्या बाजू मात्र सपाट, कोऱ्या.
"तिथंपण नक्षी टाक. रिकामं दिसतंय."

हसुरामचा पॉलिशपेपर थांबतो.
पारसिकच्या खाणीत बाप सुरुंग लावायचा.
डोंगर फुटला की आतून
असाच निघायचा, घामेजलेला,
कुणाचा हात न लागलेला.

"ऱ्हाऊद्या शेठ,
कापल्याजागी नक्षी नसते."

सोमवारी ते घणसोलीच्या टॉवरला बसेल.
मधल्या फटीत
आडवा दांडा, गाड्यांसाठी.