डाव्या कानात

रात्री अकराला गंगावेशीत
म्हशी उभ्या असतात रस्त्याकडेला, रवंथ करत,
आणि आम्ही, पेटी-डग्गा रिक्षात ठेवून,
पेल्यांची वाट बघत.
आज पाकीट पातळ निघालं.
त्यावर कुणी बोललं नाही.
पिराजीनंच विषय काढला,
"काय लगा, सध्या ऐकायलाय काय?"

म्हणजे बिदागीचं सोडून.
आपलं आपल्याला.

"मारवा," विदुला म्हणाली,
आणि लगेच ओशाळली.
"नाही हो. ते मुलाखतीतलं उत्तर.
भाच्यानं कोरियन गाणी भरून दिलीत,
भांडी घासताना लावते.
शब्द कळत नाहीत, बरं वाटतं.
आपल्या बंदिशींचे तरी कुठं कुणाला कळतात?"
श्रीनाथ तबल्याचा माणूस, तो उखडलाच.
फोनवर गाणं ऐकणं म्हणजे
फोटोतला पांढरा रस्सा भुरकणं, म्हणाला.
"मग तू काय ऐकतोस?"
त्यानं पेला तोंडाला लावला
आणि बराच वेळ काढला नाही.

पिराजी स्वतः काहीच ऐकत नाही.
मिरवणुकीत डीजेच्या भिंतीफुडं हलगी वाजवून आल्यावर
घरात मिक्सर लावलेला खपत नाही त्याला.
"पोरगी शिवणाचं मशीन चालवती, तेवढं.
दोरा तुटला की मला भिंतीपल्याड कळतंय,
समेवर तुटला का मधीच."

दस्तगीर अजून गप्प होता.
बॅंडात क्लॅरिनेट वाजवतो, चाळीस वर्षं,
ओठाला खालून घट्टा पडलाय.
त्यानं खिशातून गुंता काढला, सोडवला,
एक टोक स्वतःच्या कानात घातलं,
दुसरं न विचारता माझ्या.
डाव्या.

माझा डावा कान गेल्या दिवाळीपासून बंद आहे.
हे घरी माहीत आहे, डॉक्टरला माहीत आहे,
पेटीला माहीत आहे. या चौघांना नाही.
पेटीवाल्याचा कान गेला म्हटलं
की फोन यायचे थांबतात.

"अब्बांची क्यासेट," तो म्हणाला. "माळ्यावर घावली.
शाहूपुरीतलं कुणाचं तरी लगीन.
पोराकडनं फोनात घेतली."
मी मान हलवली.
मग ऐकत राहिलो, म्हणजे
त्याच्याकडे बघत राहिलो.
त्याच्या मांडीवर बोटं भोकं शोधत होती,
गळ्यातली घाटी वर चढली,
तिथं थांबली,
डोळे मिटले त्यानं, आणि खांदे असे आत घेतले
जसे थंड पाण्याच्या पहिल्या तांब्याला घेतो आपण.
"हां. हितं. बघ.
हितं दम संपला त्यांचा. घोडं बुजलं असणार.
सूर सोडला न्हाई पर. घासत नेला."
"वा," मी म्हणालो.
खरंच म्हणालो.

टोक काढून उजव्या कानात घालता आलं असतं.
एवढंच तर होतं, एक हात हलवायचा.
पण मग विचारलं असतं त्यांनी.

पलीकडे गवळ्यानं रिकामी चरवी गुडघ्यात धरली.
पहिली धार पत्र्यावर आदळली, टणक, उंच,
काळी पाचच्या आसपास असावी,
मग धारेवर धार,
फेस चढला, आवाज बसत गेला
आणि शेवटी धार नुसती धारेत पडू लागली.
हे उजव्या कानानं ऐकलं.

"आणि तू रे मोरेश्वर?" विदुलानं विचारलं.
"तुझं राहिलंच की."
मी चरवीकडे बोट दाखवलं.
सगळे हसले. पिराजी म्हणाला, नाद खुळा.
श्रीनाथनं पैसे दिले, आज त्याची पाळी नसताना.

रिक्षात पेटी मांडीवर घेऊन बसलो.
दस्तगीर उजवीकडे बसत होता,
मी म्हटलं, तू तिकडनं ये,
नको, राहू दे,
हितंच बस.
आणि ते अब्बांचं
परत एकदा लाव.