डोकं धरणारा हात

गुरुवारी हिरामण निमगडे निवृत्त होतोय.
शाल मागवलीय, नारळ ड्रेसिंगच्या कपाटात,
आणि मला सांगून ठेवलंय :
मॅडम, चार शब्द तुम्ही बोला.

अठरा वर्षं मी ज्यांच्याशी बोलले
त्यांच्या तोंडात माझीच बोटं होती.
उत्तर ऐकायचीसुद्धा मला नीट सवय नाही.
म्हणून हे लिहून ठेवतेय, केसपेपरच्या पाठीवर.

ग्रामीण रुग्णालय, सिंदेवाहीच्या अलीकडे, खोली नंबर सात.
दारावर ‘दंत’ एवढंच उरलंय,
‘विभाग’ पावसानं नेला.

नागपूरच्या कॉलेजात शिकवलं होतं
मुळं किती, नस कुठून जाते, कोणत्या दाताला कोणती पक्कड.
दाताच्या मागे एक माणूस असतो,
तो ऐन वेळी मान हिसकतो,
हे हिरामणनं शिकवलं.
त्याचा एक तळवा कपाळावर, एक हनुवटीखाली :
“डोये नको मिटू गा. वर पाय.
पंख्याले पाती किती हायेत, मोज.”
पाती तीनच.
पण घाबरलेला माणूस पाच मोजतो, सात मोजतो,
तेवढ्यात माझं काम होतं.
पंखा बहुतेक बंदच असायचा,
म्हणून तर मोजता यायचा.
आणि लाइट गेली, दोन्ही हात गुंतलेले,
की तो टॉर्च स्वतःच्या दातांत धरायचा.

सिस्टर नैताम दारात बिस्किटाचा डबा घेऊन बसतात.
खर्रा इथं ठेवा, जाताना न्या.
जवळपास सगळे नेतात.
जे विसरतात, किंवा विसरल्यासारखं करतात,
त्यांच्या पुड्या त्या मोजतात, वहीत लिहितात :
मार्च, नऊ. एप्रिल, चार.
हा आकडा कुठल्या अहवालात जात नाही.
मी मात्र महिनाअखेरी आधी तोच विचारते.

वडशाचे वासनिक एसटीनं येतात,
जेवणाच्या डब्यात ओल्या कापसावर कवळ्या.
एकदा झाडीपट्टीतल्या एका खलनायकाचे
पुढचे दोन दात प्रयोगाच्या आदल्या रात्री पडले.
वासनिक रात्रभर जागले, आणि एक दात मुद्दाम तिरपा बसवला.
“सरळ दातानं लोकं त्याले भेतीन का, मॅडम?”

आणि मूल रोडचा तो पोरगा. तेवीस वर्षांचा.
तोंडात तीन बोटं जायला हवीत, माझं एक कसंबसं गेलं.
मी चिठ्ठी दिली. नागपूरला जा, म्हटलं.
कसा जाशील, कोणासोबत, कुठे उतरशील,
हे विचारलं नाही. बाहेर चाळीस जण होते.
तो आठ महिन्यांनी आला, गालाला फडकं बांधून.
हिरामणनं त्याला खांद्याशी धरून गाडीपर्यंत नेलं.
परत येऊन एकच ट्रे दोनदा धुतला.
मला काही बोलला नाही.
ते न बोलणं मी अजून फेडतेय.

काल ओपीडी संपल्यावर तो स्वतःच खुर्चीत बसला.
“वरची दाढ. तीन वर्सं झाले दुखते.”
मी चिडले. तीन वर्षं? का नाही सांगितलंस?
“मंग डोकं कोन धरलं असतं?”

सुई दिली. वाट पाहिली.
पक्कड हातात घेतली आणि लक्षात आलं,
खुर्चीच्या मागची जागा रिकामी आहे.
सिस्टर वही मिटून उठल्या.
त्यांचा हात लहान, त्याचं कपाळ मोठं,
त्यांनी तो पसरून पसरून ठेवला.
“वर पाहा, निमगडे. पाती मोजा.”
तो वर बघत राहिला.
काल नेमका पंखा फिरत होता.

दाढ निघाली. तीन मुळं, एक किंचित वाकडं.
सिस्टरांनी हात काढला नाही.
कापूस दाबून धरलेल्या तोंडानं तो काहीतरी म्हणाला,
आम्हा दोघींना कळलं नाही,
आणि पुन्हा विचारलं नाही.

त्याची जागा भरायची की नाही, वरून कळवणार आहेत.
शुक्रवारच्या यादीत अकरा नावं आहेत.