तिसरा सिलेंडर

डिसेंबरात सकाळी सहाला कराडच्या धावपट्टीवर
इतकं दव असतं की पंखाखाली वाकलं
तर थेंब नेमका कॉलरच्या आत पडतो.
मी आधी मान पुसतो, मग विमान.

बासष्ट सालचं पुष्पक.
पुढे लाकडी पंखा, वर कापडी पंख.
हो, कापडी. रंगाखाली बोट वाजवलं की
डफासारखं बोलतं, आणि ज्या दिवशी बोलणार नाही
त्या दिवशी चढायचं नाही, असं फडतरे म्हणतात.
लोक विचारतात, पावसात भिजत नाही?
भिजतं की. आपण नाही का भिजत.

ओगलेवाडीत चाळीस वर्षं लेथ चालवला.
क्लबच्या लिलावात हे घेतलं, भंगाराच्या भावानं.
मालनला तो भाव अजून पाठ आहे,
आणि त्यानंतरचे सगळे भाव.

फडतरे वर्षातून एकदा बारामतीहून एसटीनं येतात,
मांडीवर हत्यारांची पिशवी, डबा वेगळा.
जुन्या पेपरवर स्पार्क प्लग ओळीनं मांडतात,
एकेका सिलेंडरात हवा भरतात, काटा वाचतात:
ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर. पंच्याहत्तर.
तिसऱ्याला थांबतात.
अठ्ठावन्न.
मग चौथा, त्र्याहत्तर, पण तो कुणी ऐकत नाही.
"सायलेन्सरला कान लावा," म्हणतात.
लावला. आत बारीक सुस्कारा.
"म्हातारा घोरतोय."

नवा सिलेंडर अमेरिकेतून, वर ड्युटी.
मालननं पाठीवर मनात हिशेब केला असणार,
कारण एवढंच म्हणाली,
मलकापुरात अर्धा गुंठा.

आणि हायवेवर थोरवडे हॉटेल बांधतोय.
दोनदा घरी येऊन गेला, पेढे घेऊन.
"छतावर ठेवतो, काका. रात्री लायटिंग.
लग्नाआधीचे फोटो काढायला लाईन लागेल बघा.
पैसे रोख. फक्त पंख सुटतात का?
पार्किंगला नडतील."

फडतरेंनी दोन दिवस व्हॉल्व्ह घासला,
चहा गार करत, कुणाशी न बोलता.
एकोणसत्तर.
वहीत सही केली, निळ्या शाईत, जरा हललेली,
आणि टोपण लावताना म्हणाले,
पुढच्या वर्षी मी नाही. डोळे.
कापड शिवणारा दुसरा कोण, विचारलं,
तर त्यांनी पिशवीची चेन लावली.

याला स्टार्टर नाही. पंखा हातानं फिरवायचा.
म्हणून मालन आत बसते, टाचांनी ब्रेक दाबून,
मांडीवर पर्स.
मी बाहेरून ओरडतो, स्विच?
"बंद!"
पंखा दोनदा फिरवून घेतो.
स्विच?
"चालू!"
छत्तीस वर्षांच्या संसारात
इतकं सरळ उत्तर मला फक्त इथं मिळालंय.

तिसऱ्या झटक्याला धरलं.
शेपूट उचललं, चाकं हलकी झाली,
आगाशिवचा डोंगर डावीकडे सरकला.
साखर कारखान्याचा धूर पूर्वेला कललेला,
आमचं वाऱ्याचं यंत्र तेवढंच.
खाली कोयना आणि कृष्णा समोरासमोर येतात,
धडकतात, आणि काटकोनात निघून जातात,
जणू दोघींनी काही ठरवलंच नव्हतं.

कान तिसऱ्या सिलेंडरवर.
डोळे तेलाच्या काट्यावर.
मालनचे हायवेवर.
"ते बघा," ती ओरडली.
थोरवडेचं छत. खांब ओतून झालेले,
सळया अजून वर, केस विस्कटलेल्या पोरासारख्या.
व्यवहार ठरायच्या आधीच.

मी कलून एक चक्कर मारली. का, माहीत नाही.
खालच्या मजुरांनी टोप्या हलवल्या,
कुणीतरी घमेलं डोक्यावरून उतरवलं.

मालन बोटं मोजत होती.
"अहो, खांब चार आहेत."
हं.
"आपली चाकं तर तीन."
हं.
"मग चौथा कशाला घातलाय त्यानं?"

इंजिनाच्या आवाजात मला हसू ऐकू आलं नाही,
फक्त पर्स हलताना दिसली.
तेल चाळीसवर होतं.
मी अजून एक चक्कर घेतली, तिला नीट मोजता यावं म्हणून.