उंचवटा

सर्जेकोटच्या खाडीकाठी मी होड्या जोडतो.
जोडतो कसल्या, आता डागडुजीच;
नवी म्हटली की लोक फायबरची आणतात,
टेम्पोतून, तयार, पावाच्या लादीसारखी.

तर दात.
शेवंतीच्या दाताच्या कण्या झाल्या सांगून:
"रातभर दात खातंस. माका वाटता
माजघरात कोणतरी नारळ सोलता."
मला काय माहीत? मी झोपलेला.
गोष्ट माझ्या तोंडातली, साक्षीदार ती.

लहानपणी आई म्हणायची, जंत.
वावडिंग झालं, किराईत झालं,
जंत गेलेही असतील.

मालवणात नाबर डॉक्टरांनी निळा कागद दिला.
चावा म्हणाले. चावलो.
आरशात दाखवलं: उजवीकडे, मागच्या दाढेवर
तांदळाएवढी नीळ उठलेली.
"हा उंचवटा. हा गेला की दात स्वस्थ बसतील."

मला पटलं. पटणारच.
फळीला फळी बसवताना आम्हीही गेरू लावतो,
दाबतो, उचलतो, बघतो रंग कुठे उठला,
आणि तेवढंच रंध्यानं घेतो, केसभर.
सांधा असा बसतो की पाणी वाट शोधत राहतं.
यंत्र किर्र वाजलं, जळक्या शिंगाचा वास आला,
डोळे मिटून म्हटलं, माणूस आपल्याच धंद्यातला.

पंधरा दिवसांनी पुन्हा नारळ.
पुन्हा कागद. आता नीळ डावीकडे.
तिसऱ्या खेपेला पुढच्या दातांवर.
उंचवटा पुढे पळतोय आणि कानस त्याच्या मागे,
चिखलात कुर्लीमागे धावावं तशी.
मध्येच थंड पाण्यानं दाढ ठणकायला लागली,
ते आणखी वेगळंच.

चौथ्या खेपेला दवाखाना बंद, म्हणून
कुडाळला डिमेलो बाईंकडे गेलो.
त्यांनी कागद काढलाच नाही.
झोप कशी लागते, घोरता का, चहा किती,
काही मनात असतं का, असलं विचारत बसल्या.
मनाचं मी नाही म्हटलं.

"मेस्त्री, दात नीट बसत नाहीत
म्हणून तुम्ही ते खाता, असं नाही.
जे खातंय ते दातात नाहीच.
तासून कुणाचं थांबतं का ते पाहिलंय लोकांनी,
थांबतं म्हणावं असं काही हाती लागलेलं नाही.
आणि तासलेलं परत येत नाही."

खुर्चीत आडवा असताना मला
गजा वराडकराचं दार आठवलं.
श्रावणात दरवर्षी कोणीतरी येतंच:
दार अडकतं, तासून द्या.
मी सांगतो, लाकूड फुगलंय, दसऱ्यापर्यंत थांबा.
गजा थांबेना. दिलं तासून.
लागलंही झकास.
माघात त्या फटीतून वारा येऊन
देवापुढचा दिवा विझायला लागला.
अजून बाजारात दिसला की गजा
दुरूनच मला करंगळी दाखवतो.
एवढं ठाऊक असलेला माणूस मी,
आणि तीनदा तोंड उघडून बसलो.

बाईंनी माप घेऊन एक झाकण दिलं,
पारदर्शक, रात्री दातांवर बसवायचं.
"यानं खाणं थांबेल?"
"सांगता येत नाही. दात वाचतील."

हे मात्र मला लगेच समजलं.
होडी रेतीवरून ओढायची तर तळाला
आम्ही एक वेगळी पट्टी ठोकतो, झिजायलाच.
दोन-चार वर्षांनी काढायची, दुसरी ठोकायची.
रेतीला कोण काय सांगणार?

काल शेवंती म्हणाली,
"आता नारळ नाय. सुपारी.
कोणतरी बारीक कातरता."
मग चुलीकडे वळता वळता,
"पण खातंस तरी कोणावर?"

मी मांगराकडे बघत होतो.
आत आईनाची एक होडी आहे, अर्धी,
तीन वर्षं झाली.
गिऱ्हाईक फायबरकडे गेलं.
तिचे सांधे अजून पक्के आहेत,
मी अधूनमधून गेरू लावून बघतो.