साडेतीन

ओसाकाच्या घड्याळामागे पुणं साडेतीन तास.
तीन समजतात. चारही समजले असते.
हा वरचा अर्धा कुठे ठेवायचा,
ते हिरानो-सानच्या शरीराला अजून कळलेलं नाही.

रात्री दोन चाळीसला मेसेज:
"सुप्रभात, दामुदेरे-सान.
खिडकीखाली सात कुत्री आहेत. सभा असावी."
(ढमढेरे म्हणायला मी त्यांना विमानतळापासून शिकवतेय.
ढ त्यांच्या जिभेपर्यंत येतो
आणि चपला काढून दारातच उभा राहतो.)

पहिल्या दिवशी शनिवारवाडा.
दिल्ली दरवाज्याचे खिळे दाखवले.
हत्तींनी धडक देऊ नये म्हणून, असं सांगू लागले;
हत्ती जपानीत नीट आला, धडक अडली.
शब्द शोधून वळले तर
ते उभ्याउभ्या झोपलेले.
पापण्या मिटलेल्या, मान मात्र हलत होती,
माझ्या प्रत्येक वाक्याला, अदबीनं.

दुसऱ्या दिवशी पर्वती, पहाटे पाचला,
कारण ते केव्हाचे बूट घालून बसले होते.
पायऱ्यांवर एक गृहस्थ थांबले.
कुठले? किती दिवस?
"मग सिंहगडला न्या. इथे काय आहे?"
आणि इथे काय आहे ते
पंधरा मिनिटं सांगत राहिले.
वर पोचल्यावर हिरानो-सान खालचे दिवे बघत म्हणाले,
"काल स्वप्नात एक मोठा दरवाजा आला होता."
"तो खरा होता," मी म्हटलं.
त्यांनी वही काढून दुरुस्ती केली.

आज तिसरा दिवस.
चाकणला दिवसभर बेअरिंगा मोजून
संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरच्या ओकायामा बागेत.
जपानी माणसाला जपान दाखवायला!
चितळ्यांच्या दारात बाकरवडी विकावी तसं.
पाणी, पूल, छाटलेली झुडपं,
आणि हिरवळीवर पाय पडला की शिट्टी.
शिट्टी आपली, पुण्याची.
ते पाण्याशी वाकले, बराच वेळ.
"आमचे मासे," म्हणाले, "इतके खात नाहीत."

मग बाकावर बसलो.
साडेसहा. तिकडे दहा.
मान आधी छातीवर आली, पदाला शोभेल अशी,
मग माझ्या खांद्यावर.

ओसाकातला माझाही तिसरा दिवस असाच होता.
किल्ला पाहिला म्हणे. फोटोत मी आहे, डोळे उघडे.
मला आठवते ती शहराभोवती गोल फिरणारी गाडी
आणि एक खांदा,
राखाडी स्वेटरचा, कांद्याच्या पातीच्या वासाचा.
जाग आली तेव्हा चक्कर पुरी होऊन
दुसरी सुरू झाली होती.
बाई तश्शीच बसलेली,
पिशवीतली पात माझ्या केसांत.
टिळक रस्त्यावरच्या क्लासात चार वर्षं शिकलेलं
एक वाक्य आठवेल तर शपथ.
"अय्या," म्हणाले मी.
"हाय," म्हणाली ती, आणि उतरली.
गाडी हलताना दिसलं,
ती समोरच्या फलाटावर उभी होती,
उलट जाणाऱ्या गाडीसाठी.

देह साडेतीन हात म्हणतात.
तीन हात विमानानं पोचतात.
अर्धा मागून येतो, चालत.
त्याची वाट बघत कुणीतरी बसावं लागतं, इतकंच.
खांदा अवघडलाय. डास आहेत.
उद्याचं भाषांतर पर्समध्ये तसंच पडलंय.

रखवालदार आला, शिट्टी ओठांत घेऊन.
मी बोट ओठांवर ठेवलं.
त्यानं शिट्टी काढली, हळूच विचारलं,
"आजारी आहेत का साहेब?"
"नाही. त्यांच्याकडे रात्र झालीय."
त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं,
जणू त्यातही ती दिसेल.
"आमच्याकडे आठला बंद," म्हणाला,
आणि चार पावलं जास्तच लांब जाऊन
दुसऱ्याच कुणावर तरी वाजवली.

हिरानो-साननी झोपेतच मान हलवली,
अदबीनं.